बट्टीचं गडंगनेर

कुत्रं विमानात बसतं ही गोष्ट झुंबरबाईंना कुणी वेळेवर सांगितली असती, तर पुढचा सगळा घोळ झालाच नसता.

झालं असं की त्यांची एकुलती एक लेक पुनम आसामात जोरहाटला नोकरीला लागली. शेतीच्या संशोधनाचं काम, राहायला सरकारी घर, पुढे व्हरांडा, मागे सुपारीची झाडं. दर रविवारी फोनवर एकच पालुपद. "आई, एरंडोलला एकटी काय करतेस? इकडे ये राहायला." आता झुंबरबाईंचे यजमान जाऊन काही वर्षं झाली होती हे खरं, पण त्या एकट्या कुठे होत्या? अख्खी गल्ली होती की. सकाळचा चहा लोटन आप्पांच्या घरी, दुपारचे पापड शेजारच्या कोकिळेच्या अंगणात, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या सासवा-सुनांचा न्यायनिवाडा झुंबरबाईंच्याच ओट्यावर. एवढं राज्य सोडून जोरहाटला कोण जाईल? पण लेकीला तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटेना. म्हणून त्यांनी एक अट घातली.

"बट्टी येई ते मी येसू."

बट्टी म्हणजे त्यांची कुत्री. वरणात बुडवायच्या बट्टीसारखी गोल गोल पिल्लू होती तेव्हा हे नाव पडलं. तिचा बाप एका केळीवाल्या शेठच्या मळ्यावरचा विलायती, घोड्याच्या उंचीचा. बट्टीने नाव गावाकडचं ठेवलं आणि अंग बापाकडचं घेतलं. ती ओट्यावर आडवी झाली की पाहुण्यांना बसायला जागा उरत नसे. असलं धूड विमानात कोण घेतो, अशी झुंबरबाईंची पक्की खात्री होती. अट घालून त्या निवांत पापड लाटायला गेल्या.

पुनम मात्र त्यांचीच लेक. तिने चार ठिकाणी चौकशी केली आणि फोन करून कळवलं की बट्टी येऊ शकते. जळगावहून उडणारं विमान लहान पडेल, म्हणून मुंबईहून जायचं. मजबूत पिंजरा हवा, त्यात तिला ताठ उभं राहता आलं पाहिजे, गर्रकन फिरता आलं पाहिजे, आणि पिंजऱ्यासकट वजन कंपनीने ठरवलेल्या मर्यादेत बसलं पाहिजे. "डॉक्टरांनी मागच्या महिन्यात वजन केलं होतं ना, त्या हिशेबाने बसतंय आई. अगदी जेमतेम."

झुंबरबाईंच्या कानात तेवढा शेवटचा शब्द राहिला.

दुसऱ्या दिवशी कोकिळेच्या अंगणात पापड लाटता लाटता त्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला. "बट्टी चालनी आते परमुलुखमा. लगीनवाली पोरले बठ्ठा गडंगनेर करतस. ह्या मुक्या जनावरले कोन करी?"

लग्न ठरलेल्या पोरीला बठ्ठ्यांनी, म्हणजे सगळ्या भाऊबंदांनी, घरोघरी बोलवून गोडाधोडाचं जेवू घालायचं, त्याला म्हणतात गडंगनेर. आणि एरंडोलच्या बायकांना जेवू घालायचं निमित्त दाखवणं म्हणजे बैलाला पेंड दाखवणं. कोकिळेने लाटणं खाली ठेवलं आणि त्याच संध्याकाळी बट्टीला आवतण दिलं. कपाळाला हळदकुंकू, गळ्यात नवा रुमाल, पुढ्यात तुपाने थबथबलेली वरण-बट्टी. बट्टीने बट्ट्या खाल्ल्या, ताट चाटलं आणि ताटाखालचा पाटही चाटला. दुसऱ्या दिवशी लोटन आप्पांच्या घरी खापरावरचे पुरणाचे मांडे झाले. आवतणं येतच राहिली. एका घरी दूध-शेवया म्हटलं की शेजारणीने बासुंदीच आटवली. पहिल्या घरी मागे मागे जाणारी बट्टी पुढेपुढे ज्याचं दार उघडं दिसेल त्याच्या घरी स्वतःच पाटावर जाऊन बसायला लागली. झुंबरबाई मधूनमधून "नको व बाई, किती करशात" असं म्हणायच्या आणि ताट स्वतःच पुढे सरकवायच्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, महिनाभर उरला तेव्हा पुनम न्यायला आली. पिंजरा करायला दिला होता त्या नूर महंमद मिस्तरींनी तो हातगाडीवरून आणून अंगणात उतरवला. माप त्यांनी गडंगनेराच्या आधी घेतलं होतं. बट्टी आनंदाने आत शिरली आणि आत शिरल्यावर तिला वळताच येईना. शेपटी एका बाजूला, तोंड दुसऱ्या बाजूला, आणि मधलं सगळं अडकलेलं. नूर महंमद मिस्तरी लालबुंद झाले. "अक्का, मेरा माप बराबर था. जनावर बढ़ गया तो मैं क्या करू?"

मग केळी तोलायच्या काट्यावर बट्टीला उभं केलं. काटा मर्यादा ओलांडून कितीतरी पुढे गेला. झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. एवढा पडलेला चेहरा त्यांनी कुणाच्या मयतालासुद्धा केला नव्हता.

पुनम भांडेल, चिडेल, असं त्यांना वाटलं होतं. त्याची उत्तरंही त्यांनी तयार ठेवली होती. पण पुनम बट्टीशेजारी खाली बसली. तिच्या मानेवरून हात फिरवत नुसती म्हणाली, "राहू दे आई. बट्टीशिवाय तुला करमणार नाही. मी एकटीच जाते."

झुंबरबाई जिंकल्या. जिंकून स्वयंपाकघरात गेल्या आणि चहा टाकला. खिडकीतून पुनमचा आवाज ऐकू आला. ती जोरहाटच्या घराच्या राखणदाराशी फोनवर बोलत होती. "वो झूला उतार दीजिए. नहीं, माँ नहीं आ रही."

"कसाना झोका?" झुंबरबाई हातात सांडशी घेऊनच बाहेर आल्या.

पुनमने आधी "काही नाही" म्हटलं, मग मोबाईल पुढे केला. व्हरांड्याच्या तुळईला जाड दोराचा झोका टांगलेला होता, बसायला फळी, फळीवर उशी. झोक्याच्या शेजारच्या भिंतीला बट्टीचा पट्टा अडकवायला एक खुंटी.

"आखाजीला माहेरी आलेल्या सगळ्या गल्लीच्या लेकींना तू झोके बांधून देतेस," पुनम म्हणाली. "तुला कोण बांधतं? मामा गेला, तेव्हापासून तुला माहेरी न्यायला कधी मुऱ्हाळी आला नाही. दर आखाजीला तू दुसऱ्यांच्या मुऱ्हाळ्यांना पाणी देतेस, मी लहानपणापासून बघते. म्हटलं, यंदा आपणच मुऱ्हाळी होऊन जावं."

गॅसवर चहा उतू गेला. झुंबरबाईंना स्वतःची एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. भाऊ गेल्यावर माहेर संपलं, असं त्या स्वतःशीच म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. लेकीने त्यांच्यासाठी दुसरं माहेर मांडलं होतं, आणि त्या मात्र ते मोडायला बट्टीला तूप चारत होत्या.

"त्या मानोसले सांग," त्या म्हणाल्या, "झोका राहू दे."

बोलून तर बसल्या, पण आता बट्टीचं वजन उतरवायचं कसं? दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर झुंबरबाईंनी पदर खोचला आणि बट्टीला पद्मालयाच्या गणपतीच्या रस्त्याला लावलं. बट्टी प्रत्येक दारापाशी थांबायची आणि आत बघायची, की पाट मांडलाय का. झुंबरबाई पट्टा ओढायच्या. रस्त्याने येणारे जाणारे विचारायचे की कोण कोणाला फिरवतंय. घरी आल्यावर साधा दूधभात, तोही वाटीभर. बट्टी वाटीकडे बघायची आणि मग झुंबरबाईंकडे बघायची. त्या नजरेला तोंड देणं काही सोपं नव्हतं.

खरी पंचाईत गल्लीची झाली. गडंगनेर बंद, असं झुंबरबाईंनी जाहीर केलं आणि ज्यांची पाळी अजून यायची होती ती घरं पेटून उठली. सगळ्यात जास्त पेटली समोरची भिकुबाई. तिने आपली पाळी मुद्दाम शेवटची ठेवली होती, सगळ्यांना वरचढ ठरायचं म्हणून. ती कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "लोटनना घरना मांडा गोड लागनात, आन मन्हा घरनं इख शे का? पुरन शिजेल शे, आमरस काढेल शे. मी काय गल्लीमा नही का?"

बोलणं खरंच होतं. चार घरचं खाऊन पाचव्या घरचं नाकारलं तर ते नाकारणं जन्मभर लक्षात राहतं. जाणाऱ्याने कुणाला रुसवून जाऊ नये. झुंबरबाईंनी बट्टीकडे पाहिलं, भिकुबाईकडे पाहिलं, आणि चप्पल काढून सरळ भिकुबाईच्या पाटावर जाऊन बसल्या.

"बट्टीना नावनं मी जेवसू. वाढ."

भिकुबाई इतकी हसली की हातातलं पातेलं हिंदकळलं. तिने कुंकू लावलं, गळ्यात रुमाल बांधला आणि मांड्यावर मांडा वाढला. झुंबरबाईंनी एकही परत केला नाही. मग उरलेली सगळी घरं त्यांनी अशीच एकेक करून पार पाडली. कुठे भरीत-पुरी, कुठे बासुंदी, कुठे कळण्याची भाकरी आणि लोण्याचा गोळा. जेवता जेवता कुणी डोळे पुसायचं, कुणी जुनी भांडणं काढून हसायचं. झुंबरबाई प्रत्येक घरी एक घास जास्तच मागून घ्यायच्या. बट्टी दाराशी बसून ते सगळं बघत राही आणि अधूनमधून एवढा खोल सुस्कारा सोडी की कोकिळा म्हणाली, ही तर अक्कांवर गेली.

पुनमने रजा वाढवली, काटा पुन्हा जेमतेम मर्यादेवर आला, आणि आखाजीच्या आधी मायलेकी निघाल्या तेव्हा पिंजऱ्यात झुंबरबाईंचं जुनं लुगडं अंथरलं होतं. सगळी गल्ली गाडीपर्यंत आली. नूर महंमद मिस्तरींनी शेवटचा एकेक स्क्रू आवळून बघितला.

मुंबईच्या विमानतळावर पिंजरा काट्यावर चढला तेव्हा झुंबरबाईंनी डोळे मिटून घेतले. पुनमने हात दाबला. "बसलं आई." मग तिथल्या बाईंनी सांगितलं की कुत्री आत फिरून दाखवू दे. एवढ्या गर्दीने बट्टी बावरली होती, ती लुगड्यात नाक खुपसून ढिम्म बसली. झुंबरबाई जाळीपाशी खाली बसल्या. "फिर व माय. आपले माहेर जानं शे." बट्टी उठली, गर्रकन फिरली, आणि शेपटी पिंजऱ्याच्या फळीवर अशी आपटली की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

विमानात खिडकीशी बसल्यावर झुंबरबाईंना राहवेना. "पुनम, एक सांगानं शे. ती बट्टी अशीच नही फुगनी..."

"माहीत आहे मला. पहिल्या वरण-बट्टीचा फोटो कोकिळावहिनीने त्याच दिवशी पाठवला होता."

"मंग तू बोलनी का नही?"

"ओढून नेलं असतं, तर तू आली असतीस, पण रमली नसतीस. तुझं तू ठरवावंस असं वाटत होतं." पुनमने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. "झोका मात्र खरंच उतरवायला सांगितला होता. मी हरले होते त्या दिवशी."

झुंबरबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. तेवढ्यात पट्टे बांधायची सूचना झाली. पुनमने आईचा पट्टा ओढून बघितला. पुरेना. पोट आत घेऊन बघितलं, तरी पुरेना. शेवटी हवाई सुंदरीने जोडपट्टा आणून दिला.

"आई, काय खाल्लंस तरी काय एवढं?"

"बठ्ठी गल्ली शे मन्हा पोटमा," झुंबरबाई म्हणाल्या, आणि पट्टा नीट आवळून बांधला.