पलीकडच्या निवडणुकीचा डबा

नदीपलीकडच्या देशात निवडणूक लागली की अलीकडच्या गावाला चेव चढायचा. स्वतःच्या मतदानाला रांगेत उभं राहायचा ज्यांना कंटाळा, तेच दुसऱ्याचं सरकार ठरवायला सकाळी सकाळी सलूनमध्ये हजर! तिथे आरशाखाली पावडरचा एक रिकामा डबा असे. गिऱ्हाइकांनी पलीकडच्या उमेदवाराच्या नावाची चिठ्ठी त्यात टाकायची, सलूनवाल्याने मोजायची आणि बातमीदाराने निकाल पेपरात छापायचा. पलीकडेही तो पेपर चवीने वाचला जाई.

यंदा मात्र सलूनवाल्याला हा खेळ परवडणारा नव्हता. त्याची एकुलती एक मुलगी पलीकडे दिलेली. बायको वर्षभर अंथरुणाला खिळलेली. दर रविवारी मुलगी पूल ओलांडून यायची, आईला न्हाऊ घालायची, तेवढ्यावर ती माउली आठवडा काढायची. आणि तिकडे एक आडदांड गडी सभेसभेत भलंमोठं कुलूप नाचवत होता, "मला निवडून द्या, दुसऱ्या दिवशी पूल बंद!" त्याच्यासमोर उभे होते एक निवृत्त मास्तर. पूल उघडाच राहील, असं ते सांगत होते.

"कुलूपवालाच यायला हवा," शिंपी तोंडभर फेस घेऊन म्हणाला. "त्यांचं वाटोळं होईल आणि आपल्याला फुकटचा तमाशा!"

"अहो, पण पूल आपलाही आहे ना?" सलूनवाला म्हणाला.

"आपलं काय अडलंय तिकडे?"

गळ्यावर वस्तरा असताना माणसं काय वाट्टेल ते बोलतात. सलूनवाल्याने हात आवरला.

डबा उघडला. कुलूपवाला एकसष्ट, मास्तर नऊ, आणि त्या नवांतलं एक मत त्याचं स्वतःचं. बातमीदार खुर्चीत मान टाकून बसला होता. "बोला, काय निकाल?"

"मास्तर एकसष्ट," सलूनवाला म्हणाला, "कुलूपवाला नऊ."

हे छापून आलं की पलीकडच्यांना शेजाऱ्यांचा चांगुलपणा दिसेल आणि तेही मास्तरांकडे वळतील, असा त्याचा हिशेब. तीस वर्षं रोज माणसांची डोकी हाताळून या भल्या माणसाला डोक्यांच्या आत काय असतं ते कळलं नव्हतं.

कुलूपवाला दणक्यात निवडून आला. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन.

"बाबा, पूल बंद झाला. रविवारी मी येत नाही, आईला सांगा."

"अगं, पण तू तर म्हणत होतीस, मास्तरांचंच वारं आहे?"

"होतंच. पण तुमच्या सलूनची बातमी आली आणि इकडे बोंब उठली. शेजाऱ्यांना मास्तर हवेत, म्हणजे मास्तर फितूर! माझ्या सासऱ्यांनीसुद्धा ऐन वेळी मत फिरवलं. बाबा, गावाला खरंच मास्तर हवे होते?"

"नाही गं. सगळ्यांना कुलूपवालाच हवा होता. आकडे मी बदलले. तुझ्यासाठी."

"खरे आकडे द्यायचे होतेत, बाबा," ती म्हणाली. "मास्तर आरामात आले असते."