काडी लावून खात्री

आखाती देशातल्या देरा भागात, एका फ्लॅटमध्ये बिऱ्हाडं दोन आणि स्वयंपाकघर एकच. एका खोलीत मुरलीधर, सुजाता आणि छोटी अस्मी. दुसरीत वसईचे जेराल्ड आणि मार्गारेट. शुक्रवारी दुपारी मार्गारेटचं सुकट भाजता भाजता गॅस संपला. दुकानाच्या माणसाने नवा सिलिंडर जोडला आणि "खलास, हबीबी!" म्हणत तो पसार झाला.

दुसऱ्याच्या कामावर मुरलीधरचा काडीचा विश्वास नव्हता. त्याची तपासायची रीत काय, तर नळीच्या जोडाशी जळती काडी धरायची! आपल्याकडे कितीतरी घरांत हेच चालतं, वाचकहो. त्याने काड्यापेटी काढली.

"भाऊ, थांबा! वास येतोय," मार्गारेट ओरडली.

"तुमच्या सुकटाचाच असणार, टीचर. गावी वडीलही असंच बघायचे. आजवर काही झालंय?"

मार्गारेटने पेटी हिसकावून घेतली आणि आधी सिलिंडर बंद केला. शाळेत ती इतिहास शिकवायची.

"व्हिक्टोरिया राणीच्या काळातली कोळशाची खाण कालच शिकवली मी. आत गॅस साचायचा, म्हणून कामगारांना ज्योत झाकणाऱ्या जाळीचे दिवे दिलेले. एकजण उजेडासाठी रोज जाळी उघडायचा. त्यालाही आजवर काही झालं नव्हतं! मग एक दिवस स्फोट झाला. पलीकडच्या बोगद्यातली माणसंसुद्धा गेली, भाऊ. त्यांचा काय दोष?"

मुरलीधरने बंद दाराकडे पाहिलं. पलीकडे अस्मी झोपली होती.

सुजाता एक्झॉस्टचं बटण दाबायला धावली. "नको!" मार्गारेटने अडवलं. "ठिणगी उडेल. खिडक्या उघडा!" वाळू येऊ नये म्हणून लावलेल्या चिकटपट्ट्या टराटरा निघाल्या. घर मोकळं झाल्यावर मार्गारेटने जोडावर साबणाचा फेस लावला, सिलिंडर जरासा उघडला.

बुडबुडे! भराभर बुडबुडे!

तिने तो लगेच बंद केला. एवढ्यात अस्मी डोळे चोळत आली.

"पपा, व्हाय इज इट सो हॉट?"

"असू दे गं, बाळा!" मुरलीधरने तिला घट्ट जवळ घेतलं. जुलैचा उकाडा इतका गोड कधी लागला नव्हता.

दुकानाच्या माणसाला परत बोलावून जोडात नवा वॉशर बसवला. पुन्हा फेस लावला, एकही बुडबुडा नाही. एरवी नाक मुरडणाऱ्या मुरलीधरने त्या दिवशी सुकट मागून खाल्लं, आणि पुढचा सिलिंडर आला तेव्हा साबणाची वाटी त्यानेच आणली.

मित्रहो, 'आजवर काही झालं नाही' यावर कुणी विसंबू नये. काडी ओढणारा एकच असतो, आणि भिंतीपलीकडे निजलेल्यांना त्याने विचारलेलं नसतं.