पडद्याच्या अलीकडे

चिमे, मध्ये बोलू नको, नुसतं ऐक गो. मी उकळत्या पाण्यातनं चिमटे काढतेय, डॉक्टरीण सावित्रीबाई साबेराच्या पोटाला आयोडीन लावतायत, आणि मोठे डॉक्टर सायब कुठं? पडद्यापलीकडे खुर्चीत, आमच्याकडे पाठ करून.

साबेरा बुरोंडीची. आतड्याला पीळ पडलेला. तिचा नवरा कमाल म्हणे, परपुरुषाचा हात लागायचा नाही. सायब म्हणे, बाईनं बाळंतपणं करावीत, पोट कापू नये. आमच्या बाई तर मुंबईला पोट कापायचंच शिकून आलेल्या. शेवटी तोड निघाली. कापायचं बाईंनी, सायब खोलीत बसणार, म्हणजे आपरेशन सायबांचं.

"झालं का?" सायब मध्येच विचारायचे.

"टाके घालतेय, सर."

मग सायब मला म्हणाले, "ही गोष्ट खोलीबाहेर गेली तर तूही बाहेर."

दहाव्या दिवशी साबेरा चालत घरी गेली. सायबांनी कमालला सांगितलं, ऐन वेळी जीव वाचवायला मलाच कापावं लागलं. कमालनं सायबांचे हात डोळ्यांना लावले. "यश आहे तुमच्या हाताला." सायब नुसते हसले. बाई खिडकीशी हात पुसत होत्या.

नारळी पुनवेनंतर तोच कमाल पडाव वल्हवत भावाला घेऊन आला. अयूबला. तस्संच पोट फुगलेलं. सायब खेडला, उद्या दुपारी यायचे.

बाईंनी बाह्या वर केल्या. "उद्यापर्यंत टिकणार नाही तो. मी करते."

"राग मानू नका, बाई. साबेराला ज्या हातांनी वाचवलं, तेच हात हवेत."

बाई अगदी हळू म्हणाल्या, "ते हात माझेच होते, कमालभाई."

कमालनं माझ्याकडे बघितलं. "तू होतीस ना आत? खरं काय गो, बाय?"

दारात सायबांचा कंपौंडर भिकाजी उभा. घरात कमावती मी एकटी, तुला ठाऊक आहे.

"मी चिमटे बघत होते," मी म्हटलं. "मला नाही ठाऊक."

कमालनं बाईंना अयूबला हात लावू दिला नाही. पहाटे तो गेला. दुपारी सायब आले, म्हणाले, "बाईंनी मला वेळेवर कळवायला हवं होतं."

बाई आता चिमटा माझ्या हातनं घेत नाहीत. मी पुढं करते, बाई ताटातला दुसरा उचलतात.

चिमे, खाली नको बघू. तू काय म्हटलं असतंस कमालला?