अंगठा थांबतो तिथे

चौथी घडी घालताना तिचा डावा अंगठा कापडाच्या वर बोटभर अंतरावर थांबला. थांबून किंचित आत वळला, नखाची बाजू तळहाताकडे, आणि मग खाली येऊन त्याने काठ दाबला. उजवा हात मात्र कुठेच थांबला नाही. तो आपले काम करत राहिला.

उडुप सरांनी भिंतीवर चाललेले रेकॉर्डिंग थोडे मागे नेले आणि अंगठा हवेत असतानाच थांबवले.

“हे बघा.” हातातल्या पट्टीने त्यांनी भिंतीवरच्या अंगठ्याला स्पर्श केला. “चेहरा बघू नका. चेहऱ्यावर काही नाहीये आणि ते बरंच आहे. बातमी कुठं पोचलीय? इथं. एका हाताला कळलंय, दुसऱ्याला अजून कळायचंय. दोन वर्षं मी हेच सांगतोय आणि तुम्ही नुसत्या भुवया उडवताय.”

“तिप्पेशच्या भुवया जन्मतःच उडालेल्या आहेत, सर,” पुढून कुणीतरी म्हणाले. पोरे हसली.

सुगंधी शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसली होती. भिंतीवरचा अंगठा तिचाच होता, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. चित्रातल्या सुगंधीच्या पाठीमागे एक दार अर्धे उघडे होते आणि दारापलीकडे खाटेचा एक पाय दिसत होता. रेकॉर्डिंग लावले की ती तेवढाच बघायची. त्या खाटेवर तिची आई होती. हे चित्र टिपले गेले तेव्हा ती नुकतीच गेली होती.

तालमीच्या खोलीत हे कुणालाही माहीत नव्हते.

नाटकाच्या या कॉलेजात अभ्यास अर्धा पडद्यावर आणि अर्धा प्रत्यक्ष चाले. इतिहास, नाट्यशास्त्र, संहितावाचन हे घरून. आवाज, शरीर, तालीम हे घाट चढून कॉलेजात येऊन. गेल्या सत्रात तालमीच्या खोलीचे छप्पर उतरवले होते, म्हणून उडुप सरांनी अभिनयाचा तासही पडद्यावर घेतला. मूक प्रवेश. सगळ्यांनी माइक बंद ठेवायचा, कॅमेरा चालू. घरातले एखादे काम करायचे आणि ते करता करता एक बातमी मिळायची. घरच्यांची मदत घेतली तरी चालेल.

सुगंधीने कुणाची मदत मागितली नव्हती. आई महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेली. तिची धुतलेली लुगडी कोनाड्यापाशी ढिगाने पडली होती, म्हणून घड्या घालायचे ठरवले एवढेच. फोन तांब्याला टेकवून ती बसली. बातमी खिडकीतून कुणीतरी हाक मारून देतेय असे ती समजणार होती. तेवढ्यात आतून चिक्कम्मा आली. चिक्कम्मा म्हणजे आईची धाकटी बहीण; आईच्या आजारपणात तीच घर सांभाळत होती. ती वाकून सुगंधीच्या कानाशी म्हणाली, “कूसे, बाळा, अम्मा गेली.” आणि पुन्हा आत गेली.

सुगंधी घड्या घालत राहिली. तिला ऐकू आले नव्हते असे नाही. हातातले लुगडे संपेपर्यंत आपण अजून आधीच्याच वेळात आहोत असे तिला वाटले असावे. नंतर तिने यावर पुष्कळ विचार केला, पण याहून नेमके काही तिला सापडले नाही.

घडी पुरी झाली तेव्हा पडद्यावरच्या छोट्या चौकोनांतून सगळे आवाज न करता टाळ्या वाजवत होते. उडुप सरांनी आपला माइक उघडला.

“सुगंधी. आज पहिल्यांदा. आणि काकूंना काय तयार केलंयस! त्यांनाच प्रवेश द्यायला हवा होता.”

“थँक यू, सर,” ती म्हणाली. मग कॅमेरा बंद करून आत गेली.

तेराव्यापर्यंत ती कॅमेरा बंद ठेवूनच तासांना हजर राहिली. घाटाखाली नेटवर्क नसते हे सगळ्यांना ठाऊक होते. घर माणसांनी भरलेले होते आणि फोन स्वयंपाकघराच्या फळीवर डब्यांमध्ये उभा असे. रंगभूषेच्या तासाला तिने पिंडाचा भात शिजवला. हजेरीत तिचे नाव घेतले की ओल्या हाताने माइक उघडून ती “हजर” म्हणायची.

नंतर घाटावर आल्यावर सांगता आले असते. पण तोवर ते रेकॉर्डिंग पहिल्या वर्षाच्या मुलांनाही दाखवून झाले होते.

आणि दुसरेही एक होते. पहिल्या वर्षी उडुप सर तिला सगळ्यांदेखत म्हणाले होते, “तू लाकूड आहेस, बाई. सागाचं, चांगलं, पण लाकूड.” रडत रडत तिने फोन केला तेव्हा आई पोट धरून हसली होती. “सागाचं म्हणाले ना? मग रडतेस काय! फणसाचं म्हणाले असते तर मीच येऊन भांडले असते.” काकांनी तोंडे वाकडी केली, बापाने मौन धरले, तरी या आईनेच तिला नाटक शिकायला धाडले होते. दोन वर्षांत सुगंधीच्या हातून एकच गोष्ट अशी झाली होती की सर उठून उभे राहिले. तो अभिनय नव्हता असे सांगितले, तर मागे काय उरत होते ते तिला माहीत होते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत चिक्कम्माचा फोन यायचा.

“जेवलीस?”

“जेवले.”

“काय होतं?”

“सारू-भात.”

“मेसचं सारू म्हणजे चिंचेनं अंघोळ केलेलं पाणी. लोणच्याची बरणी दिलीय ती उघडलीस, की तशीच पुजतेयस?”

“उघडली. अर्धी तर तिप्पेशनंच संपवली.”

“हा कोण तिप्पेश?”

“वर्गातला. चित्रदुर्गचा. नाटकात तो तू झालाय.”

“मी?” चिक्कम्मा थांबली. “मी कशाला नाटकात?”

सत्राच्या शेवटी होणारे नाटक घड्यांच्या त्या प्रवेशानेच उघडणार होते. तो उडुप सरांचा निर्णय होता आणि कागद सूचनाफलकावर लागला होता.

“सांगितलंस का तिथं?” चिक्कम्माने विचारले.

“सांगते.”

“कधी? वर्षश्राद्धाला?” मग तिचा आवाज खाली आला. “त्या दिवशी तू मान वर केली नाहीस. मला वाटलं, पोरीला ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगायचं बळ नव्हतं बघ माझ्यात. आत जाऊन तिच्या उशाशी बसले. डोळे उघडे होते तिचे. तुझ्या हातानं मिटू देत म्हणून मी हात लावला नाही.”

“मग?”

“मग काय? आलीस आणि मिटलेस. असं काय विचारतेस?”

सुगंधीला ते आठवत नव्हते. खोलीत शिरल्याचे आठवत होते, औषधांचा वास आठवत होता. त्यापुढे आठवायला गेले की तालमीच्या खोलीची भिंत यायची आणि तिच्यावर अंगठा.

“आठवतंय,” ती म्हणाली.

तालमीत अडचण तिप्पेशची होती. तो सहा फुटी, मिशी राखलेला, आणि खेळाच्या पँटवर हिरवे लुगडे खोचून यायचा. चालायचा मात्र अगदी चिक्कम्मासारखा. रेकॉर्डिंग बघून बघून तिच्या उजव्या गुडघ्याची कळसुद्धा त्याने उचलली होती. पण कानाशी वाकला की त्याला राहवत नसे.

“वॉर्डनची मांजर व्यालीय,” तो कुजबुजायचा. “चार पिल्लं. एकाचा चेहरा थेट उडुप सर.”

सुगंधी गालाचे आतले कातडे दाताखाली धरायची. दुसऱ्या दिवशी मेसच्या इडलीने खिडकीची काच फुटलेली असायची, तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या संस्थापकांचा पुतळा रजेवर गेलेला असायचा. ती त्याला एका शब्दानेही थांबवत नव्हती. तो पाठीशी येऊन वाकला की तिचा श्वास अडकायचा आणि मांजर, इडली असले काही ऐकले की सुटायचा.

“खांदा हलतोय,” उडुप सर म्हणाले. “कालही हलला. तिप्पेशा, तिच्या कानात सांगतोस तरी काय?”

“बातमी, सर.”

“कसली?”

“पुतळ्याची.”

खोली हसली. सर हसले नाहीत. ते सुगंधीकडे वळले. “त्या दिवशी काकू काय म्हणाल्या होत्या?”

सुगंधी लुगड्याचा काठ सरळ करत होती. “काहीही म्हण, असं सांगितलं होतं त्यांना.”

“काहीही ऐकून हात असा थांबत नाही.” सरांनी थोडा वेळ तिच्या हातांकडे बघितले. “असू दे. तिप्पेशा, उद्या नीट विचार करून ये. घड्या घालणाऱ्या मुलीला घरातली बाई येऊन असं काय सांगेल की ती मान वर करणार नाही? मला सांगू नकोस. तिलाही आधी सांगू नकोस.”

बाहेर पडताना तिप्पेश तिच्या बरोबरीने आला. “मारायती, बाई गं, चिडलीस का? उद्या मांजर नाही, शपथ.”

“मांजर चाललं असतं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीच्या खोलीत ऊन चटईपर्यंत आले होते. सगळे वर्ग बोलावले होते. सुगंधी बसली, तिने पहिले लुगडे उचलले. एक घडी, दुसरी. मागून पावले आली, उजव्या पायावर जड. लुगड्याचा हिरवा पदर तिच्या डोळ्यांच्या कडेला आला. तिप्पेश वाकला. आज त्याला हसू येत नव्हते, हे त्याच्या श्वासावरूनच कळत होते.

“सुगंधी,” तो म्हणाला, “अम्मा गेली गं.”

तो सरळ झाला आणि आत गेला.

तिचा उजवा हात चालत राहिला. तिसरी घडी पडली. चौथ्या घडीला डावा अंगठा वर आला, कापडापासून बोटभर अंतरावर थांबला, आत वळला, खाली आला, काठ दाबला. खांदा हलला नाही. ती हे सगळे होताना बघत होती: आता थांब, आता वळ, आता दाब. कुठेही घाई नाही, कुठेही उशीर नाही. शब्द कानात शिरले होते आणि आत कुठेच काही अडले नव्हते. बधिर झालेल्या पायाला दुसऱ्याचा म्हणून चिमटा घ्यावा तसे तिने पुन्हा ते शब्द मनात म्हणून पाहिले. अम्मा गेली. अंगठ्याने पाचव्या घडीचा काठ दाबला, व्यवस्थित.

टाळ्या सुरू झाल्या. पहिल्या वर्षाची एक मुलगी डोळे पुसत होती.

उडुप सर खुर्चीवरून उठले. त्यांनी पट्टी खुर्चीवर ठेवली आणि चटईच्या कडेशी येऊन उकिडवे बसले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

“इतके दिवस तू रेकॉर्डिंगची नक्कल करत होतीस. मी बोललो नाही, पण दिसत होतं. आज केलंस ते तुझं आहे. आज तू नटी झालीस. लाकूड म्हटलं होतं मी तुला. ते मागे घेतो.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. हे वाक्य आईला कसे सांगायचे हे तिने पहिल्या वर्षापासून किती वेळा ठरवले होते, अगदी आईच्या उत्तरासकट.

विंगेतून तिप्पेश बाहेर आला होता, पदर हातात गोळा करून. “जास्त झालं का गं?” त्याने हळूच विचारले. “रात्रभर विचार केला. दुसरं काही सुचलंच नाही.”

“बरोबर होतं,” सुगंधी म्हणाली.

“चला,” सर उठत म्हणाले, “हात गरम आहेत तोवर पुन्हा एकदा. पहिल्या घडीपासून.”

सुगंधीने मांडीवरचे लुगडे उलगडायला घेतले. दोन घड्या उलगडल्या. मग ते तसेच चटईवर ठेवून ती उभी राहिली. पाठीमागे खोली अजून कुजबुजत होती. ती पुरती शांत होईपर्यंत ती थांबली.

“नाही, सर,” ती म्हणाली. “तिप्पेश आज म्हणाला तेच त्या दिवशी माझी चिक्कम्मा म्हणाली होती. खरंच. आई आतल्या खोलीत होती. हे मी पुन्हा करणार नाही.”