दोन कुलुपांचा गाडा

चर्रर्र! लोहारानं तापलेली लोखंडी धाव माझ्या चाकावर चढवली आणि वरून पाणी ओतलं. जन्मल्यावर पहिला आवाज ऐकला तो हा. मी श्रीगोंद्याजवळच्या एका गावातला, ख्रिस्ती मंडळीचा मयताचा गाडा बोलतोय.

वस्तीपासून कबरस्थान लांब. मयताची पेटी माझ्यावर ठेवायची आणि घरच्यांनी, शेजाऱ्यांनी मिळून ढकलायचं, ही इथली रीत. रडणाऱ्याला माझ्या दांड्याचा आधार व्हायचा. मला ते बरं वाटायचं.

मग पाळकसाहेबांच्या बदलीवरून मंडळी फुटली. निम्मे लोक जुन्या चर्चमध्ये राहिले, निम्म्यांनी पत्र्याचं नवं उभारलं. काकासाहेब जुन्याचे पंच, त्यांचा धाकटा भाऊ भिमाजी नव्यात. एका ताटात जेवलेले भाऊ रस्त्यात एकमेकांना सलामसुद्धा करेनात.

माझ्यावरूनही भांडण झालं. तेव्हा एकोप्यासाठी कमिटी बसली. प्रार्थना झाली, चहा झाला आणि कबरस्थानाच्या फाटकाशी मला साखळीनं बांधून तिला दोन कुलुपं लावली. एकेका मंडळीकडे एकेक किल्ली. यालाच ते एकी म्हणाले.

या उन्हाळ्यात भिमाजी वारला. त्याची बायको मुक्ताबाई माझ्यापाशी आली. सोबत किल्ली घेऊन शेजारचा अजिनाथ. त्यानं नव्या मंडळीचं कुलूप उघडलं. दुसरी किल्ली काकासाहेबांच्या खिशात, आणि काकासाहेब नगरला.

तिनं स्पीकरवर फोन लावला. "भावजी, तुमचे भाऊ जाताना एकच बोलले. दादाचा हात गाड्याला लागू द्या."

"मुक्ताबाई, इथं ऐक्य परिषद हाय. माझं भाषण राह्यलंय. कसा निघू?"

"कशावर बोलताय, काका?" अजिनाथानं मधेच विचारलं.

"बंधुप्रेमावर."

"मग बोला सावकाश. मयत कुठं पळून जातंय!"

अजिनाथानं साखळी तोडायला पहार उचलली. मुक्ताबाईनं त्याचा हात धरला. "न्हाई. येतील ते. थांबू."

ऊन चढलं. तिकडं घरी पेटीभोवतीचा बर्फ विरघळला. शेवटी भिमाजीला टेम्पोतून आणलं. मी साखळीतच होतो. पेटीवर पडणारी माती मला ऐकू येत होती.

बाबांनो, मी लाकूड. माझ्यावर निजलेल्या कुणालाही, तू कुठल्या मंडळीचा, असं मी विचारलं नाही. ज्याला हात लावायचा असेल त्यानं पेटी माझ्यावर असताना यावं. एवढंच मागणं.

दिवस कलताना काकासाहेब आले. खांद्यावर सत्काराची शाल तशीच. त्यांनी आपलं कुलूप उघडलं, साखळी बाजूला टाकली आणि माझा दांडा धरला.

"मुक्ताबाई, आलो बघ मी."

कबरीपाशी बसलेल्या मुक्ताबाईनं उठून हाताची माती पदराला पुसली. त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि फाटकातून निघून गेली.