बाबांनी बांधलेली फाईल

बाबांच्या हाती सुटा कागद देऊ नये. चाळीस वर्षं पुस्तकबांधणीचं दुकान चालवलेला माणूस. आमच्याकडे विजेची बिलंसुद्धा वर्षावर्षानं शिवून कपाटात उभी आहेत. हे ठाऊक असून मी नवऱ्याच्या व्हिसाचे कागद "जरा नीट लावून द्या" म्हणून त्यांच्याकडे दिले. माझी अक्कल, दुसरं काय!

नवरा परदेशी. लग्नाला चौदा महिने झाले, त्यातले अकरा तो तिकडे आणि मी इकडे. त्याला इथे कायमचं यायचं तर आमचं लग्न खरं आहे हे सरकारला पटवायचं. दाखले, फोटो, विमानाची तिकिटं, दोन वर्षं एकमेकांना फोनवर काय काय लिहिलं त्याच्या छापील प्रती. शिवाय आईवडील दोघांचं एकेक पत्र, की आम्ही या जोडप्याला ओळखतो. आईनं त्याच दिवशी लिहून दिलं. बाबा म्हणाले, "बघू."

हे "बघू" मला पाठ आहे. सातवीत सायकल मागितली तेव्हाही "बघू"च होतं. ती सायकल अजून यायचीय.

बाबांना हे लग्न मनापासून मानवलेलं नव्हतं. तोंडानं बोलायचे नाहीत, पण जावयाला अजून "तुझे पाहुणे" म्हणायचे. पाहुण्यांना आपल्या भाषेतलं एकच वाक्य नीट जमायचं. "बाबा, जेवलात का?" फोनवर बाबा दिसले रे दिसले की हेच. सकाळी दहाला विचारणार, अर्ध्या तासानं पुन्हा विचारणार.

"मी काय उपाशी मरतोय का?" बाबा फोन माझ्या हातात कोंबायचे. "सांग तुझ्या पाहुण्यांना, जेवलो म्हणावं."

कागद जमा करायच्या शेवटच्या दिवशी सकाळी बाबांनी माझ्यापुढे गठ्ठा ठेवला. गठ्ठा कसला, ग्रंथच तो! निळं कापडी कव्हर, खुणेला रेशमी फीत, पाठीवर सोनेरी अक्षरांत आमची दोघांची नावं. चार दिवस खपले होते. असं बांधलेलं चालेल का, हे विचारणार होते, पण त्यांचा चेहरा बघून तोंड उघडेना. आणि वर म्हणतात कसे, "मीपण येतो."

व्हिसाच्या कचेरीत खिडकीतल्या बाईंनी ग्रंथ उलटापालटा केला. "सुंदर आहे हो. पण आम्हाला सुटे कागद लागतात. टाचणीसुद्धा चालत नाही. यादीत पहिल्याच ओळीत लिहिलंय."

यादी बाबांनी पहिलं पान म्हणून शिवली होती.

"एकला खिडकी बंद होते," बाई म्हणाल्या. "आज राहिलं तर पुढची तारीख सहा महिन्यांनी."

सहा महिने! माझं डोकंच फिरलं. "बाबा, तुम्हाला तो यायलाच नकोय ना? सरळ सांगा की एकदा!"

अख्खी रांग आमच्याकडे बघायला लागली. बाबा ग्रंथ उचलून बाकावर जाऊन बसले आणि पिशवीतून त्यांची कातडी म्यानातली सुरी काढली.

"सुई कागदाला लावलेली नाही," ते म्हणाले. "कडेला पट्टी चिकटवून पट्टीतून शिवलंय. मूळ कागदाला भोकं पाडायला मी काय काल धंद्यात आलो? पाणी आण जरासं."

दोरा कचाकचा कापला. ओल्या बोळ्यानं पट्टी सोडवायची, कागद पुसून माझ्याकडे द्यायचा, असं सुरू झालं. चार दिवसांचं काम ते स्वतःच्या हातानं उसवत होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे मार्चमधलं भांडण," एक कागद देत ते म्हणाले. "चूक तुझी होती."

"बाबा! तुम्ही वाचलंत?"

"न वाचता क्रम कसा लावणार? लाडीगोडी होती तिथे पान उलटलं. बरीच पानं उलटावी लागली."

मी लाजून मान खाली घातली. पुढचा कागद मात्र त्यांनी लगेच दिला नाही.

"तुझं अपेंडिक्स काढलं तेव्हाचं. नोकरीच्या गावी होतीस, आम्हाला कळवलंही नाहीस. हा तिकडून तीन दिवस तासातासाला विचारतोय, पाणी प्यालीस का, जेवलीस का." त्यांनी कागद पुन्हा एकदा पुसला. तो कोरडाच होता.

एकला दहा कमी असताना मी गठ्ठा खिडकीत सरकवला. बाईंनी यादीवर खुणा केल्या. "ही शेवटची आठ पानं कोरी कशी?"

"पुढचं लावायला," मागून बाबा म्हणाले. "संसार आहे, वाढणारच की."

बाई हसल्या. "बरं, आईचं पत्र आहे. वडिलांचं?"

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी त्यातलंच एक कोरं पान ओढून घेतलं, माझं पेन घेतलं आणि खिडकीच्या फळीवर उभ्याउभ्याच लिहिलं.

"मी मुलीचा बाप. माझा जावई रोज आमच्या जेवणाची चौकशी करतो. त्याला लवकर पाठवा. तू जेवलास का, हे मी त्याला अजून एकदाही विचारलेलं नाही."

बाईंनी पत्र वाचलं, शिक्का मारला आणि पावती दिली. माझे डोळे घळाघळा वाहायला लागले.

"बाजूला हो," बाबा म्हणाले. "कागद भिजतील."