पाऊस अडवणारा खराटा

मित्रांनो, हात जोडायला मला हात नाहीत, तेव्हा तोंडानंच नमस्कार करतो. मी एक जुना खराटा आहे. नारळाच्या झावळीच्या काड्या सोलून, उन्हात वाळवून, वेताच्या कड्यात आवळून बांधलेला. काड्या हे माझे पाय आणि बांधलेला बुडखा हे माझं डोकं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझं सगळं दुःख डोकं कुठं आणि पाय कुठं यातूनच उगवलं.

मला मुर्यांतीनं बांधलं. जावा बेटावरच्या जोगजा शहरात, जुन्या राजवाड्याच्या तटामागं एक अरुंद गल्ली आहे, तिथं तिचं घर. घर तिच्या धाकट्या भावाचं, वागिमानचं, पण घरातलं काम सगळं तिचं. पुढच्या पडवीत ती कापडावर मेणाची नक्षी काढायची. तांब्याच्या चोचीची बारकी लेखणी तापल्या मेणात बुडवायची, चोचीवर हळूच फुंकर घालायची आणि पांढऱ्या कापडावर वेल चालता करायची. पहाटे अंगण झाडताना मी आणि ती एका तालात चालायचो. ती पुढं, मी मागं, आणि पानांचा ढीग आमच्यापुढं पळत जायचा. काय ते दिवस होते! माझे पाय मातीत होते, मित्रांनो, आणि मातीला माझी सवय होती.

ऊन असलं की त्या घराकडं कुणी फिरकायचं नाही. शहरात आलेले पाहुणे देवळं बघायला जायचे, राजवाडा बघायचे, बाजार पालथा घालायचे. पण आभाळ फुटलं की सगळे अडकायचे. भिजलेल्या कोंबड्यांसारखे दुकानांच्या वळचणीला उभे राहायचे. अशा वेळी सार्जू नावाचा सायकलरिक्षावाला त्यांना गाठायचा. त्यांना पुढच्या बाकावर बसवायचा, त्यांच्यावर प्लास्टिकचा पडदा ओढायचा आणि स्वतः मागून भिजत पायडल मारत आमच्या दाराशी आणायचा.

"घ्या मुर्यांतीबाई, ताजी मासळी आणलीय," तो हसून म्हणायचा. "दोन मोठे, एक छोटं. काय करावं कळत नव्हतं बिचाऱ्यांना."

"आधी तुम्ही डोकं पुसा. माशांचं मी बघते."

मग ती पाहुण्यांना बुटक्या चौरंगांवर बसवायची, गूळ घातलेलं आल्याचं गरम पाणी द्यायची आणि हातात लेखणी द्यायची. त्यांच्या फुलांना शेपट्या फुटायच्या, पक्ष्यांना तीन-तीन पाय यायचे. कुणी खिडकीकडं बघून विचारायचं, "पाऊस कधी थांबेल हो?" ती म्हणायची, "तुमचं फूल पुरं झालं की." आणि फूल पुरं होईस्तोवर कुणाला पावसाची आठवणही राहायची नाही.

ती स्वतः मात्र त्या तटाबाहेर फारशी कधी गेली नाही. पाऊस पडला की पाहुणे यायचे, म्हणून घरात थांबायचं. ऊन पडलं की राहिलेलं काम, म्हणून घरात थांबायचं.

आता ती उलट्या खराट्याची गोष्ट सांगतो. आमच्या गल्लीत लग्नाचा मांडव पडला आणि ढग दाटले, की खराटा उलटा रोवायची रीत आहे. डोकं खाली चिखलात, पाय वर आभाळात, आणि प्रत्येक पायाच्या टोकाला एक लाल मिरची नाहीतर एक बारका कांदा टोचलेला. ढगांच्या नाकाला झोंबलं की ते पुढं सरकतात म्हणे. पण रोवणारीचं लग्न झालेलं नसावं. लग्न झालं की हात जातो, म्हणजे हातातला गुण जातो.

एकदा शेजारच्या पोनिराकाकूंच्या लेकीच्या लग्नात आभाळ काळं झालं. गल्लीतल्या तरण्या पोरी नटण्यात गुंतल्या होत्या. काकूंनी मुर्यांतीला हाक मारली आणि मुर्यांतीनं मला उचललं. बुडखा चिखलात दाबताना ती हलकेच गुणगुणली:

मेघा रे दादा, वळण घे जरा,
लेकीच्या मांडवी कोरडा वारा.

ढग वळले. खरंच वळले. माझ्यात पाऊस अडवायची ताकद आहे का, ते मला विचारू नका. माझ्या पायांत मिरच्या होत्या आणि नाकातोंडात चिखल, मला दुसरं काही सुचत नव्हतं. पण गल्लीनं ठरवून टाकलं. "बाईचा हात गुणाचा आहे हो! आणि खराटाही गुणाचा!"

मित्रांनो, कुणी तुम्हाला गुणाचं म्हटलं तर जरा जपून राहा. त्या दिवसापासून मला अंगण दिसलं नाही. झाडायला दुसरे खराटे आले, झिजले, चुलीत गेले. मला दाराआड खिळ्याला टांगलं. लग्न निघालं की काढायचं, उलटं रोवायचं, आणि लग्न झालं की मिरच्यांसकट परत टांगायचं. बाहेर झाडण्याचा आवाज यायचा, सळ् सळ्, सळ् सळ्, आणि मी भिंतीला तोंड लावून तो ऐकत राहायचो. माझं वेताचं कडं आतून सडत होतं. चिखलात भिजलेला बुडखा कुणी उन्हाला धरला नाही. खराट्याला काय होतंय, म्हणायचे.

मुर्यांतीला कुणी खिळ्याला टांगलेलं नव्हतं. तरी ती आणि मी एकाच भिंतीवर होतो. तिला स्थळं आली. एकाचे दात पुढं होते, एकाचं गाव लांब होतं, एक फार बोलायचा, एक बोलायचाच नाही. खोट काढायला अख्खी गल्ली जमायची. तिच्या काळजीपोटीच, असं म्हणायची. पण मी दाराआड असायचो, मला दाराआडचं बोलणं ऐकू यायचं.

"ही गेली तर पाहुण्यांना कोण शिकवणार?" वागिमान म्हणायचा.

"आणि पाऊस काय तुझी सासू अडवणार?" पोनिराकाकू विचारायच्या.

अशातच सार्जूनं तिला मागणी घातली. त्याची बायको वारून बरीच वर्षं झाली होती. नदीपलीकडं दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात फणस. मागणी घालतानाही तो ओलाचिंब होता. ती मान खाली घालून म्हणाली, "दादाला विचारा." दादा म्हणजे वागिमानच. वयानं धाकटा, पण घराचा कर्ता, म्हणून ती त्याला दादा म्हणायची.

वागिमान नाही म्हणाला नाही. तो म्हणाला, "आमच्या वेनिंगचं लग्न होऊन जाऊ दे. ती एकुलती एक लेक. तिचा मांडव कोरडा गेला की ताई मोकळी."

मुर्यांती त्या शब्दावर जगायला लागली. वेनिंगच्या लग्नाचं कापड तिनं स्वतः रंगवलं. मेण लावताना गुणगुणायची. सार्जू पाहुणे घेऊन आला की त्याच्यासाठी आल्याच्या पाण्यात गुळाचा खडा जास्त पडायचा.

वेनिंगचं लग्न आलं. गल्लीत मांडव पडला, फणसाची गोडसर भाजी मोठ्या पातेल्यात रटरटायला लागली, आणि आभाळ दक्षिणेकडून भरून आलं. मुर्यांतीनं मला खिळ्यावरून काढलं. नवी हिरवी साडीसारखी गुंडाळी नेसली होती ती, केसांत मोगरा होता. मांडवाच्या कोपऱ्यात तिनं मला रोवलं. मिरच्या टोचत होती, तेवढ्यात पातेल्याजवळून पोनिराकाकूंचा आवाज आला.

"वागिमान, माझ्या नातीचं ठरलंय हां. ऐन पावसाळ्यात. ताईंना तोवर कुठं पाठवू नकोस."

"छे छे, काकू. ताई कुठं जातेय! त्या सार्जूला सांगेन मी काहीतरी."

मुर्यांतीचा हात माझ्या पायाशी थांबला. बोटांत मिरची तशीच राहिली. तिनं गाणं म्हटलं नाही. नुसतीच उभी राहिली, माझ्याकडं बघत. मी चिखलातून तिच्याकडं बघत होतो. एवढ्या वर्षांत आम्ही दोघांनी एकमेकांना असं कधी बघितलं नव्हतं.

निकाह लागला. नवरा-नवरी आसनावर बसली. आणि वाऱ्याचा एक झोत आला. तो फार मोठा नव्हता, पण माझ्या सडलेल्या कड्याला तेवढा पुरला. कट्ट आवाज झाला. माझ्या काड्या अख्ख्या मांडवभर उधळल्या, कांदे गडगडत पाहुण्यांच्या पायांत गेले, एक मिरची नवरदेवाच्या मांडीवर जाऊन बसली. आणि त्याच क्षणी पाऊस कोसळला. मांडवाचं छत पोट सुटल्यासारखं लोंबायला लागलं. बायका ओढण्या डोक्यावर घेत पडवीकडं पळाल्या. सगळं वऱ्हाड पडवीत कोंबलं गेलं.

पोनिराकाकूंनी कपाळावर हात मारला. "खराटा फुटला! असं आजवर झालं नाही. हिचा हात गेला! हिनं गुपचूप लग्न उरकलंय!"

"काकू, काहीतरीच काय!" वेनिंग म्हणाली.

"काहीतरीच कसं? कुणाशी ते का मी सांगायला हवं?"

नेमका तेव्हाच सार्जू दाराशी आला. पुढच्या बाकावर दोन परदेशी पाहुण्या, दोघींच्या नाकावरून पाणी गळतंय. "माफ करा," तो म्हणाला, "आज लग्न आहे ठाऊक होतं, पण यांना कुठंच आसरा मिळेना..."

पोनिराकाकूंनी त्याच्यावर बोट रोखलं. "हाच! विचारा याला, मुर्यांतीशी लग्न कधी केलंस म्हणून!"

सार्जूनं डोळ्यांवरचं पावसाचं पाणी पुसलं. "झालं का लग्न?" तो म्हणाला. "मग मला कुणी कळवलं कसं नाही?"

पडवीत हशा पिकला. वागिमान तेवढा हसला नाही. त्याचा चेहरा उतरला होता. "ताई, सांग ना सगळ्यांना. खोटं आहे म्हणून सांग. तू म्हणालीस की मिटलं."

तिनं एक शब्द उच्चारला असता, तर कुणीतरी नवं कडं आणलं असतं, मला पुन्हा बांधलं असतं, तिला पुन्हा बांधलं असतं. पाऊस पत्र्यावर आपटत होता. मुर्यांतीनं आपला उजवा हात समोर धरला आणि उलटसुलट करून बघितला. मेणाचे डाग, चटक्यांचे जुने व्रण.

"काकू म्हणतात हात गेला," ती म्हणाली. "गेला असेल. मग दादा, गेलेला हात धरून ठेवतोस कशाला?"

गल्लीचाच नियम, गल्लीच्याच तोंडचा. वागिमाननं काकूंकडं बघितलं, काकूंनी पातेल्याकडं. वेनिंग गर्दीतून वाट काढत लग्नाच्या जड कपड्यांनिशी आली आणि आत्याच्या गळ्यात पडली. "जा गं आत्या," ती म्हणाली. "माझा मांडव भिजायचा तो भिजला. आता कुणाची वाट बघतेस?"

मुर्यांतीनं पडवीतल्या बारक्या चुलीवर मेण तापत ठेवलं. लेखणी उचलली आणि वागिमानच्या हातात दिली. "पाहुण्या गारठल्यात. बसव त्यांना. फुंकर हळू घाल, नाहीतर मेण सांडतं."

मग ती भर पावसात मांडवात उतरली आणि माझी एकेक काडी वेचू लागली. सार्जूही वाकला. दोघांनी मिळून मला गोळा केलं.

"मुर्यांतीबाई," तो हळूच म्हणाला, "आपल्या लग्नात खराटा कोण रोवणार?"

"कुणी नाही. पडू दे."

"सगळे भिजतील."

"तुम्ही कधी कोरडे होतात?"

मित्रांनो, आता मी नदीपलीकडच्या अंगणात असतो. कडं नवं आहे, काड्या जुन्याच, काही मोडलेल्या. फणसाची पानं जड असतात, मला दम लागतो. पण रोज पहाटे माझे पाय जमिनीला लागतात. झाडून झालं की मुर्यांती माझा बुडखा पुसते आणि मला उन्हाला उभा करते. पाऊस आला की सार्जू अजूनही पाहुणे आणतो, फक्त आता या घरी. पाऊस मी अडवत नाही.

तुमच्या घरीही कुणीतरी असेल, फार गुणाचं, फार उपयोगाचं. एखादी वस्तू असेल, नाहीतर एखादं माणूस. त्याची स्तुती करता, चांगलं करता. पण एकदा जवळ जाऊन बघा. त्याचं कडं सडलंय का? ते पायांवर उभं आहे, की तुमच्या सोयीसाठी डोक्यावर? उलटं असेल तर हळूच सुलटं करा. वाऱ्याची वाट बघू नका. प्रत्येकाच्या नशिबी तो वेळेवर येतोच असं नाही.